दिवा आधी लागतो

पत्र कुठे आहे, हे बहुतेकरावांना गेली अकरा वर्षं अगदी पक्कं ठाऊक होतं. एरवी पक्कं असं त्यांच्यापाशी काही नसायचं. उद्या रविवार आहे का, असं कोणी विचारलं तरी ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून, एकदा चष्मा पुसून "हो, बहुतेक" म्हणत. त्यावरूनच ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते नाव त्यांच्या मागोमाग तीन जिने चढून घरात आलं होतं आणि आता मोठी बहीणसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारत असे. पण पत्राबाबत त्यांना शंका नव्हती. वायरलेस कार्डाच्या चिपचं जाडजूड माहितीपुस्तक, त्यातलं झोप आणि जाग यांवरचं प्रकरण, आणि त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानात निळ्या शाईचं, दोन घड्या घातलेलं पत्र. पुस्तक लागे तेव्हा ते नेमकं ते पान टाळून उघडायचे. अकरा वर्षांच्या सरावाने बोटांना ती जागा डोळे मिटूनही कळायची.

पत्र एका शीतगृहाच्या पर्यवेक्षकांचं होतं. औषधं साठवायच्या थंड खोल्या, प्रत्येक खोलीत भिंतीला हाताच्या पंजाएवढं एक यंत्र. त्या यंत्राने दर दहा मिनिटांनी तापमान मोजायचं, वायरलेसने बाहेरच्या कचेरीत कळवायचं आणि मधल्या वेळात वीज वाचवायला झोपून जायचं.

"महोदय," पर्यवेक्षकांनी लिहिलं होतं, "या कार्डाचा ड्रायव्हर आपण सांभाळता, असे त्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर लिहिले आहे, म्हणून तसदी देतो. आमच्याकडे कार्ड झोपते आणि अधूनमधून पुन्हा उठतच नाही. गंमत अशी, की कार्ड काय करते ते ओळीओळीने सांगणारा तपासणीचा मजकूर पडद्यावर चालू ठेवून मी समोर बसलो की ते शहाण्या मुलासारखे वागते. मजकूर बंद करून पाठ फिरवली की रुसते. एखादे यंत्र रुसले की दर दोन तासांनी कोणाला तरी आत जाऊन आकडा हाताने उतरवून आणावा लागतो. आमच्या एका बाईंना दमा आहे, त्यांच्या फेऱ्या मीच घालतो. मला थंडीचे काही वाटत नाही. माझ्या गुडघ्यांना वाटते. नेटवर्क बंद असल्यामुळे हे हाताने लिहून पाठवत आहे. कळावे."

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी. संगणक एक भाषा बोलतो, कार्ड दुसरी. मध्ये हा प्रोग्रॅम बसून इकडचं तिकडे करतो. बहुतेकराव ऑफिसचं काम संपल्यावर हौसेने तो सांभाळत. त्यांच्यासारखे शेकडो हौशी लोक जगभर असे हजारो ड्रायव्हर सांभाळतात, आणि सगळं मिळून जी एक प्रचंड मोट तयार होते ती लाखो यंत्रांत जाऊन बसते. बहुतेकरावांच्या वाट्याला त्यातली चार हजार ओळींची एक चिमूट आली होती. आयुष्यात त्यांनी स्वतःचं म्हणावं असं तेवढंच केलं होतं.

पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी घरच्या कार्डावर दोष शोधायला घेतला. सापडला नाही. आधी सापडू दे, मग उत्तर लिहू, असं त्यांनी ठरवलं. महिना गेला. मग नुसतं "सापडत नाही" असं कळवायची लाज वाटली. वर्ष गेलं, तेव्हा उशीर झाल्याची लाज वाटू लागली. मधूनच मनात यायचं, माणूस जरा विक्षिप्तच असावा; यंत्राला काय कळतंय कोण बघतंय आणि कोण नाही? असं मनात आलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

हे सगळं असंच पडून राहिलं असतं. पण त्या महिन्याच्या मध्यावर मुकादमबाईंची यादी आली.

मुकादमबाई म्हणजे त्या साऱ्या मोटेवर देखरेख करणाऱ्या बाई. त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं; त्यांच्या दोन-दोन ओळींच्या मेलनीच भल्याभल्यांची गाळण उडायची. बाईंनी लिहिलं होतं: ज्या ड्रायव्हरांतले जुने दोष वर्षानुवर्षं तसेच पडून आहेत, ते महिनाअखेर काढून टाकले जातील. खाली एकवीस नावं. तिसरं बहुतेकरावांचं. ड्रायव्हर काढला, की पुढच्या आवृत्तीत संगणक त्या कार्डाला ओळखही दाखवणार नव्हता.

यादीखाली एकाच माणसाने हरकत घेतली होती.

"आमच्या शीतगृहात ही चौदा यंत्रे आहेत. तपासणीचा मजकूर कायम चालू ठेवून आम्ही ती चालवतो. त्याने जागा भरते, म्हणून दर सोमवारी सगळे पुसतो. एखाद्या सोमवारी विसरलो की मंगळवारी पुन्हा वही-पेन्सिल घेऊन आत. कृपया काढू नये. या दोषाबद्दल मी पूर्वी एक पत्र लिहिले होते. टपालात हरवले असावे."

बहुतेकराव ते शेवटचं वाक्य वाचून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा वाचलं. वाक्य तसंच होतं.

"काय झालं रे?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी; नवरा गेल्यापासून इथेच राहायला आली होती. "चेहरा असा का, तोंडात मारल्यासारखा?"

त्यांनी पुस्तक काढलं, न चुकता ते पान उघडलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. मग पडद्यावरचा मेल दाखवला. ताईने चष्मा सरसावून दोन्ही वाचलं.

"काय उत्तर दिलं होतंस?"

"दिलं नाही."

"अकरा वर्षं?"

"आधी सापडू दे म्हटलं, मग..."

"आणि तो भला माणूस म्हणतोय टपालात हरवलं! टपालखात्याने काय घोडं मारलंय रे तुझं?"

"ताई, मी काही म्हटलेलं नाही तसं."

"नाही म्हटलंस, पण म्हणू देतोयस." तिने पत्राच्या घड्या होत्या तशा घातल्या. "किती दिवस आहेत?"

"सतरा. बहुतेक."

"बहुतेकराव, यादीवर तारीख लिहिली आहे. सतराच आहेत."

घरच्या उबेत सापडत नाही तो दोष थंडीत निघत असणार, म्हणून बहुतेकरावांनी शीतगृह घरी आणलं. म्हणजे फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात एक छोटं यंत्र कार्डासकट ठेवलं. दमट हवेने पाणी सुटू नये म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात घातलं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. एक चपटी तार दाराच्या रबराखालून बाहेर काढून टेबलावरच्या संगणकाला जोडली.

"आणि माझे मटार?" ताई म्हणाली.

"खालच्या कप्प्यात ठेव ना दोन दिवस."

"म्हणजे मटारांनी बाहेर उकडायचं आणि तुझ्या यंत्राने थंड हवेला जायचं!"

यंत्राला झोपवायचं, उठवायचं, पुन्हा झोपवायचं; पहिल्या दिवशी शंभर वेळा, दुसऱ्या दिवशी दोनशे. प्रत्येक वेळी पडद्यावर ओळी उमटत. "झोपवले." "उठ म्हटले." "तयार आहे म्हणते." "आता वाचतो." प्रत्येक पावलाला अशी ओळ छापून घ्यायची, ही बहुतेकरावांची तरुणपणापासूनची सवय. स्वतःवर भरवसा नसलेला माणूस दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघतो, तसं हे. कार्ड तीनशेच्या तीनशे वेळा टुणकन उठलं.

"चालतंय गं ताई," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "सगळं अगदी नीट चालतंय."

"मग सुतक असल्यासारखं काय सांगतोस?"

"माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे चालत नाही. मी काय दुरुस्त करू?"

ताई चहाचे कप घेऊन शेजारी येऊन बसली. संगणकातलं तिला काही कळत नसे, आणि कळत नाही म्हणून ती कधी अवघडतही नसे. ती ओळी मोठ्याने वाचू लागली. "तयार आहे म्हणते... कोण म्हणते?"

"चिप. तिच्यात एक खूण असते. झोपेतून उठली की ती खूण वर करते, मग आपण तिच्याशी बोलायला लागायचं."

"दिवा म्हण ना सरळ."

"दिवा म्हण हवं तर."

"मग दिव्यावर विसंबून कसं चालेल?" ताई म्हणाली. "दिवा तर आधी लागतो."

ताईने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. पुढ्यात भोकांचा फळा, त्यात खुपसायच्या दोऱ्या, प्रत्येक भोकावर हरभऱ्याएवढा दिवा. या आठवणी बहुतेकरावांनी इतक्यांदा ऐकल्या होत्या, की त्यांनी त्या कधी नीट ऐकल्याच नव्हत्या.

"लांबचा कॉल जोडायचा असला," ताई सांगू लागली, "की पलीकडच्या गावाची लाइन घ्यायची. लाइन मिळाली की दिवा लागायचा. पुस्तकात लिहिलेलं, दिवा लागताच नंबर सांगावा. पण दिवा लागला तरी लाइन अजून खुली व्हायची असे. लगेच बोललं, की पहिला आकडा गिळला जायचा. मी नवी असताना एका बाप्याला प्रसूतिगृह जोडून द्यायचं होतं, दिलं लाकडाच्या वखारीत. तो विचारतोय, मुलगा की मुलगी, आणि वखारवाला सांगतोय, दोन्ही आहेत, पण ओली आहेत."

"दोन्ही काय?"

"फळ्या आणि वासे! मला काय माहीत! तर मग मोठ्या पोरींनी शिकवलं. दिवा लागला की मनात एक, दोन, तीन म्हणायचं, मग नंबर. पुस्तकात नाही हे कुठे. थंडीच्या दिवसांत तर पाचपर्यंत मोजावं लागे."

बहुतेकरावांच्या हातातला कप अर्ध्यावर थांबला. ते पडद्याकडे बघत राहिले. "तयार आहे म्हणते." मग दुसरी ओळ. मग "आता वाचतो." एकेक ओळ छापायला संगणकाला सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात. माणसाला तो वेळ जाणवत नाही, पण चिपच्या हिशेबाने ती चांगली डुलकी असते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मी मोजत होतो."

"काय मोजत होतास?"

"या ओळी. ओळी छापण्यात वेळ जातो. तेवढ्यात ती पुरती जागी होते. त्यांनी पत्रात लिहिलंय तेच. मजकूर चालू असला की शहाण्यासारखं वागतं!" त्यांनी पत्र उघडलं, त्या वाक्यावर बोट ठेवलं. "मी यांना विक्षिप्त समजलो, ताई. सगळं इथे लिहिलेलं होतं, निळ्या शाईत."

त्यांनी छापणं बंद केलं. पडदा कोरा झाला. कोपऱ्यात फक्त एक आकडा, कितव्यांदा उठलं ते सांगणारा. एक. दोन. तीन. ओळी नसल्यामुळे त्यांना कुलूप न लावता घराबाहेर पडल्यासारखं वाटत होतं. चार. पाच. सहा.

सातावर आकडा थांबला. कार्ड उठलंच नाही.

"बिघडलं!" बहुतेकराव खुर्चीवरून उठून ओरडले. "ताई, बिघडलं!"

"मेल्या, केवढ्याने दचकवलंस! बिघडलं तर नाचतोस काय?"

पण तीही हसत होती.

दोष कळला, तशी त्याची वंशावळही बघावी लागली. या कामात प्रत्येक बदल कोणी केला, कधी आणि का केला, हे कायम नोंदलेलं राहतं. बहुतेकराव मागे मागे जात तेरा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीशी येऊन थांबले. चिप तयार असल्याची खूण दिसल्यावर शंभर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, थांबायचं, अशी एक ओळ तिथे मुळात होती. ती कोणीतरी काढली होती. "नको असलेला थांबा काढला. कार्ड आता चौपट वेगाने उठते. तपासले, चालते, बहुतेक." खाली त्यांचंच नाव.

त्यांना ती नोंद आठवत होती. ती त्यांची सगळ्यांत गाजलेली नोंद. तिच्यावर तिघांनी शाबासकी लिहिली होती. एकाने तर "सुरेख" असं लिहिलं होतं. ते पान त्यांनी छापून कपाटातल्या फाइलीत ठेवलं होतं, अधूनमधून काढून बघत. आणि 'तपासले' म्हणजे कसं तपासलं होतं? ओळी छापत छापत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थांबा परत घातला, शंभरऐवजी पन्नासचा, आणि सोबत टिपण लिहिलं: "काही परिस्थितीत चिपला अधिक वेळ लागतो असे दिसते." कोणी काढला होता, त्याबद्दल अवाक्षर नाही. पाठवलं.

मुकादमबाईंचं उत्तर दोन तासांत आलं. नेहमीपेक्षा लांब होतं. चक्क पाच ओळी.

"पन्नास कोणी ठरवले? साठ का नाही? याहून थंड खोलीत काय होईल? आणि ज्यांच्याकडे थंडी नाही त्यांनी दर वेळी उगीच का खोळंबावे? हा उपाय नाही, दोषावर घातलेले पांघरूण आहे. शिवाय हा थांबा पूर्वी कोणी काढला, हे टिपणात नाही. परत पाठवत आहे."

"बरोबर आहे त्यांचं," बहुतेकराव म्हणाले. "जाऊ दे. काढून टाकू देत."

"आणि ती चौदा यंत्रं?" ताईने विचारलं.

ते चष्मा पुसू लागले.

"आणि हे कोणी काढलं होतं, ते का नाही लिहिलंस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"ताई, मला आयुष्यात एकदाच कोणी सुरेख म्हटलंय," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "ते खोटं होतं असं आता मीच लिहून देऊ?"

ताईने टेबलावरचे कप उचलले, विसळले, उपडे घातले. मग पदराला हात पुसत येऊन समोर बसली.

"मी तुला परवा अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "मोजायच्या त्या नव्या पोरी. मी दोन वर्षांत मोजणं सोडलं. कधी तीन पुरायचे नाहीत, कधी एकातच लाइन खुली व्हायची आणि मी आपली तीनपर्यंत गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायची. मग मी विचारायला लागले. दिवा लागला, की म्हणायचं, 'आलात का?' उत्तर नाही आलं, की पुन्हा, 'आलात का?' तिकडून 'आले' असं स्वच्छ ऐकू आलं की मग नंबर. माझा आकडा कधी गिळला गेला नाही बघ त्यानंतर. तुझ्या त्या चिपला काही विचारता येत नाही का? जिचं उत्तर तुला आधीच माहीत आहे, असं काहीतरी?"

बहुतेकरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग माहितीपुस्तक ओढलं आणि, अकरा वर्षांत पहिल्यांदा, पत्राच्या जागी सरळ उघडलं.

येत होतं. प्रत्येक चिपच्या पोटात तिचा ओळख-क्रमांक कोरलेला असतो, आणि तो कधी बदलत नाही. चिप अर्धवट झोपेत असली की विचारल्यावर काहीतरी बरळते, भलताच आकडा देते. आजवर तो भलता आकडा ऐकून ड्रायव्हरचा समज व्हायचा, की कार्डच कोणीतरी उपटून नेलं. आणि तो कायमचा नाद सोडून द्यायचा. आता त्यांनी लिहिलं: दिवा लागला की तुझा क्रमांक सांग म्हणून विचार. चुकला, तर जरासा थांबून पुन्हा विचार. लागोपाठ दोनदा बरोबर आला, की काम सुरू कर. दोनशे मिलिसेकंद विचारूनही नाहीच आला, तर मात्र कार्ड खरंच गेलं असं समज. सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या.

टेबलावरच्या उबेत चिप पहिल्या दोन प्रश्नांतच बरोबर बोलली; खोळंबा जवळजवळ शून्य. बर्फाच्या कप्प्यात कधी नऊ प्रश्न लागले, कधी एकोणीस, एकदा तर एकतीस. पण बोलली दर वेळी. बहुतेकरावांनी पडद्यावर एकही ओळ न छापता हजार वेळा झोपवायचं ठरवलं. सकाळी सुरू केलं. ताई वर्तमानपत्र घेऊन फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसली, आणि ते घरभर येरझाऱ्या घालू लागले.

"तीनशे," ताई पडद्याकडे बघून सांगायची. "बस आता जरा, फरशी झिजेल."

"थांबलं तर नाही ना?"

"थांबलं असतं तर चारशे कसे झाले असते?"

संध्याकाळच्या चहाच्या वेळी आकडा हजारावर गेला. अपयश शून्य. खालच्या कप्प्यात मटार पार मऊ पडले होते.

टिपण लिहायला मात्र त्यांना त्या अकरा ओळींपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी त्यांनी लिहिलं: "हा दोष माझ्या तेरा वर्षांपूर्वीच्या बदलामुळे आला. तो बदल मी ओळी छापणे चालू ठेवून तपासला होता, आणि त्या छापण्यामुळेच दोष झाकला गेला." खाली, या कामातल्या रीतीप्रमाणे, कोणाचं काय श्रेय त्याच्या ओळी. कळवणारे: पर्यवेक्षकांचं पूर्ण नाव, आणि अकरा वर्षांपूर्वीची पत्रावरची तारीख. सुचवणाऱ्या: ताईचं पूर्ण नाव. पाठवताना त्यांचं बोट क्षणभर अडखळलं, मग दाबलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेलऐवजी चक्क फोन वाजला. मुकादमबाई. आवाज वाटला होता त्याहून म्हातारा होता.

"तुमचा बदल वाचला," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचला. आता कोणी शंभर अंश खाली नेऊन ठेवलं तरी चिंता नाही."

"शंभर अंश खाली चिप फुटेल, बहुतेक," बहुतेकराव घाबरून म्हणाले.

"विनोद होता तो. बरं, यादीतून तुमचं नाव काढलंय. आणि दोष आपल्यामुळे आला, असं स्वतःहून लिहिणारे मला या कामात वर्षाला दोन-तीनच भेटतात. सुरेख काम केलंत."

बहुतेकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारायचं होतं. या 'सुचवणाऱ्या' बाई कुठल्या कंपनीत असतात?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एकतीस वर्षं. माझी मोठी बहीण आहे."

"त्यांना द्या फोन."

ताईने फोन हातात घेतला, कानाला लावला, पाठ ताठ केली आणि एकदम वेगळ्याच, गोड, घासून स्वच्छ केलेल्या आवाजात म्हणाली, "आलात का?"

पलीकडचं खळखळून हसणं बहुतेकरावांना तीन हातांवरून ऐकू आलं. मग ताई बराच वेळ "हो... हो... अगं हो, वखारीत!" असं काय काय बोलत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिने चष्मा काढून हातात धरला होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जिथे जिथे हे कार्ड असेल त्या प्रत्येक यंत्राच्या नोंदीत माझं नाव राहणार. खरं का रे?"

"खरं आहे."

"एकतीस वर्षांत किती लाख माणसं जोडून दिली मी एकमेकांना," ताई म्हणाली, "पण आम्हाला नाव सांगायची बंदी होती. विचारलं तर म्हणायचं, ऑपरेटर सत्तावीस." तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "दाखव बघू कुठे लिहिलंय."

त्यांनी दाखवलं. तिने ती ओळ बोटाने वाचली, मग तिच्यावरची पर्यवेक्षकांची, मग सगळ्यांत खाली भावाची. "तिघं एकाखाली एक," ती म्हणाली. "एका बाकावर बसल्यासारखी."

मग तिने कागद आणि पेन आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"मेलने कळेलच की त्यांना," बहुतेकराव म्हणाले. "नवी आवृत्ती आपोआप जाईल."

"अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तुला मेल लिहिला होता का?"

त्यांनी पेन उचललं. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर जमलं. लिहून झाल्यावर त्यांनी ताईकडे दिलं, आणि शाळेतल्या मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"महोदय," तिने मोठ्याने वाचलं, "आपले पत्र टपालात हरवले नव्हते. ते पोचले होते, मी वाचले होते, आणि ते आजवर माझ्यापाशीच आहे. त्यात आपण दोष नेमका सांगितला होता. मला तो समजायला अकरा वर्षे लागली. चूक माझीच होती. आता ती दुरुस्त झाली आहे. यंत्र हजार वेळा थंडीत झोपवून पाहिले, हजार वेळा उठले. तपासणीचा मजकूर आता खुशाल बंद करावा. सोमवारी काही पुसायला नको. दमा असलेल्या बाईंना आणि आपल्या गुडघ्यांना हे कळवावे. या दुरुस्तीवर आपले नाव आहे. आपल्याला हे उत्तर मी बहुतेक अकरा वर्षांपूर्वीच द्यायला हवे होते."

ताईने कागद खाली ठेवला आणि शेवटच्या वाक्यावर नखाने टिचकी मारली.

"हा एक राहिलाय," ती म्हणाली.

बहुतेकरावांनी वाकून पाहिलं. मग पेनाने तो शब्द खोडला; एकच रेघ, पण ठळक. पुन्हा लिहून काढायचं त्यांनी ठरवलं नाही. खोडलेलं दिसू दे.

टपालपेटी रस्त्याच्या टोकाला होती, चपलांच्या दुकानापुढे. दोघं चालत गेली. ताईच्या चालीने, म्हणजे सावकाश. पेटीच्या फटीत पाकीट घालून बहुतेकराव एक टोक धरून थांबले. एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, चपलांच्या दुकानदाराने मान वर करून पाहिलं.

"सोड," ताई म्हणाली.

त्यांनी सोडलं. आत, बऱ्याच पत्रांवर, एक पत्र पडल्याचा मऊ आवाज आला.

"आता काय, उत्तराची वाट इथेच उभं राहून बघणार?"

"नाही," ते म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. "चल, वाटेत मटार घेऊ."